बदकाच्या पायाला बांधायचं कोहेसिव्ह बँडेज, तीन आठवडे रोज वापरून

सांगलीत आमच्या परड्यात चार बदकं आहेत. त्यातली राणी सगळ्यात जड. श्रावण संपता संपता ती लंगडायला लागली, मला वाटलं पाय मुरगळला असेल, पण उचलून तळवा बघितला तर मधोमध मसुराएवढी काळी खपली आणि भोवतीनं सुजलेलं, हाताला गरम लागत होतं. आत्या म्हणाल्या कुरूप आहे, हळद भरा. आता सांगलीत हळदीला नाही कोण म्हणणार, दोन दिवस भरली, पण बदक पाण्यात शिरलं की हळद गेली, आणि सूज तशीच.

मग गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लगेच सांगितलं, बंबलफूट आहे. कडक नाहीतर खरबरीत जमिनीवर तळव्याला बारीक चीर पडते, त्यातनं जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे, आणि खपलीखाली गाठ धरते. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो बरं का, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे दाबून बाहेर येत नाही, उलट दाबलं की आत पसरतो. हे मला आधी माहीत असतं तर पहिल्या दिवशी मी ते दाबून बघितलंच नसतं, अजून वाईट वाटतं.

सूज घोट्याच्या वर गेली नव्हती, खातपीत होती, म्हणून डॉक्टर म्हणाले घरी करा, फक्त कापाकापी करायची नाही. रोज कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय पंधरा मिनिटं भिजवायचा, कोरडा करायचा, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून कोऱ्या चहाच्या रंगाचं करून त्यानं पुसायचं, वर अँटिबायोटिक मलम, गॉज, आणि पट्टी. मलमात लिग्नोकेन, बेन्झोकेन असलं बधिर करणारं काही नको, पक्ष्यांना ते बाधू शकतं, डबीवर वाचूनच घ्या. एप्सम सॉल्टचं पण सांगते, माझं माहेर तासगावचं, दादाच्या द्राक्षबागेला मॅग्नेशियम सल्फेटची पोती येतात, तो म्हणाला ने की त्यातलं, मीठ एकच आहे. पण ते खताचं, उघड्या जखमेला मेडिकलमधलंच घ्या. आणि ते पाणी बदकाला पिऊ देऊ नका, जुलाब होतात.

आता पट्टीकडे येते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. औषध कुणीही लावेल, पण बदकाच्या पायावर ते टिकवायचं कसं? पहिल्या दुकानात मी पट्टी मागितली तर त्यानं कापडी चिकटपट्टी दिली, आपण कापसावर लावतो तसली. दुसऱ्या दिवशी काढताना राणीच्या घोट्याची कातडी सोलून आली आणि ती जी ओरडली, माझा पोरगा तिला टॉवेलमध्ये गुंडाळून धरून बसला होता तो पण रडायला लागला. दुसरीकडे क्रेप बँडेज दिलं, पिनेचं, ते दहा मिनिटांत सुटून परडंभर फरफटत होतं.

मग विश्रामबागेत एका मेडिकलवाल्यानं कोहेसिव्ह बँडेज काढून दिलं. दिसायला क्रेपसारखंच पण ते फक्त स्वतःलाच चिकटतं, कातडीला नाही, पिसाला नाही. नाव नीट सांगून मागा, नुसतं चिकटणारं म्हटलं की परत कापडीच देतील. रुंदी अडीच सेंटीमीटरची घ्या. मला आधी साडेसात सेंटीमीटरचा रोल मिळाला, तो मी कात्रीनं उभा कापून वापरला, कडा सुटतात त्याच्या. रंग पण बघून घ्या, लाल पट्टी बांधली तर बाकीची तिन्ही बदकं तिला टोचून टोचून हैराण करायला लागली, तुकडा गिळला तर आणखी दुखणं, मग कातडीच्या रंगाचा आणला तेव्हा कुणी बघितलंसुद्धा नाही.

बांधताना बोटं पसरलेली राहिली पाहिजेत, मधल्या पडद्याला चुणी पडू द्यायची नाही. गॉज तळव्याला, मग पंजाभोवती एक वेढा, मागच्या छोट्या बोटाच्या वरनं घोट्याला, परत खाली, आठच्या आकड्यासारखं. पट्टी ओढायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, ती रबरासारखी ताणते आणि बांधल्यावर आवळत जाते. मी नखांची टोकं उघडी ठेवायची आणि तासाभरानं हात लावून बघायची, बोटं गार किंवा फुगलेली वाटली की सोडून परत बांधायचं. पहिल्या आठवड्यात दोनदा सोडावी लागली.

ह्या पट्टीत मला कमी वाटलं ते एवढंच की पाण्यापुढे तिचं काही चालत नाही. सुटत नाही, पण आतला गॉज ओला राहतो आणि ओल्या जखमेवर ते झाकून ठेवणं म्हणजे जंतूंना घर करून देणं. बदकाला पाण्यापासनं लांब ठेवायचं म्हणजे काय ते पाळणाऱ्यालाच कळेल. राणीला मी सोप्यात तुसावर जुनं गोधडं टाकून ठेवलं, आणि पाण्याला खोलगट बादली, चोच आणि डोळे बुडवता येतील एवढी, कारण नाकपुड्या धुतल्याशिवाय बदकाला चालत नाही. तरी ती बादलीत पाय टाकायचीच, मग दुपारी अजून एकदा पट्टी. तीन आठवड्यांत चार रोल गेले, एकेक दीडशेच्या आसपास, स्वस्त म्हणणार नाही मी.

बाराव्या दिवशी खपली भिजवताना आपोआप सुटली, खाली गुलाबी कातडी होती. मी ती हातात धरून सगळ्यांना दाखवत फिरले.

आमच्या दुसऱ्या बदकाचं मात्र एवढ्यावर भागलं नाही, त्याची सूज सांध्यापर्यंत गेली होती, त्याला डॉक्टरांनी तोंडातनं अँटिबायोटिक दिलं आणि सांगितले तेवढे दिवस अंडी खायची नाहीत म्हणाले, आम्ही पुरून टाकली. सूज वर चढलेली दिसली किंवा पाय टेकवतच नसेल तर रोल आणत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा, हाडापर्यंत गेलं तर अवघड होतं. आणि हात लावताना ग्लोव्हज घाला, हा जंतू माणसालाही लागतो.

परड्यातला कोबा आम्ही आता अर्धा फोडलाय, तिथं माती आणि वर तूस टाकलंय. राणी परवापासनं टाक्यात उतरतेय, उरलेला अर्धा रोल डब्यात कोरडा ठेवलाय, उन्हात ठेवला तर चिकटपणा जातो म्हणून.