देणगीदार शोधायचे तर उलटीकडून शोधा: ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’ वापरून पाहताना

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यापुरतं काम करणाऱ्या पुरोगामी राजकीय संस्थेला पैसा कोण पुरवतं, हे घरबसल्या तपासायचं असेल तर सध्या सगळ्यात कामाचं मोफत साधन म्हणजे ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’. न्यूयॉर्कची प्रोपब्लिका ही ना-नफा वृत्तसंस्था २०१३ पासून ते चालवते. करमाफ संस्था दरवर्षी करखात्याला ‘फॉर्म ९९०’ नावाचं जे रिटर्न भरतात, ते इथे पाहता येतं. नाव नोंदवायला नको, पासवर्ड नको, जाहिरातींचा भडिमार नाही. पण बहुतेक जण संस्थेचं पहिलं पान उघडतात, एकूण जमा-खर्चाचा आलेख पाहतात आणि निष्कर्ष काढून मोकळे होतात. ते पान या साधनाचा सर्वांत कच्चा भाग आहे. खरी ताकद आहे पूर्ण मजकुराच्या शोधात, म्हणजे फुल टेक्स्ट सर्चमध्ये, आणि तो पहिल्या भेटीत कुणाच्या नजरेला पडत नाही.

नमुना म्हणून ‘प्रोग्रेसनाऊ कोलोराडो’ घेऊ. राज्यपातळीवरच्या अशा संस्था का उगवल्या, हे कोलोराडोत चांगलं दिसतं. २००२ मध्ये तिथल्या मतदारांनी २७ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. राज्य विधिमंडळाच्या उमेदवाराला एका व्यक्तीने एका निवडणुकीत द्यायची देणगी २०० डॉलरवर आली. पैसा आटला नाही, त्याने वाट बदलली. उमेदवाराच्या खात्याऐवजी तो बाहेरच्या संस्थांकडे वळला. २००३ मध्ये मायकेल हटनर यांनी ‘रॉकी माउंटन प्रोग्रेसिव्ह नेटवर्क’ काढलं, त्यातूनच पुढे प्रोग्रेसनाऊ झालं. टिम गिल, पॅट स्ट्रायकर, रट ब्रिजेस आणि जॅरेड पोलिस या चार धनिकांनी त्याच काळात बाहेरच्या गटांमार्फत पैसा लावला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. यातले पोलिस २०१८ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. टिम गिल म्हणजे डेन्व्हरच्या क्वार्क कंपनीचे संस्थापक. मराठी वृत्तपत्रांच्या डीटीपी विभागात ज्यांनी क्वार्कएक्सप्रेसमध्ये पानं लावली, त्यांना हा पैसा कुठल्या धंद्यातून आला ते वेगळं सांगायला नको.

आता एक्सप्लोररमध्ये नाव टाका. पहिली अडचण इथेच. प्रोग्रेसनाऊ कोलोराडो ही करकायद्याच्या ५०१ सी-४ कलमाखालची संस्था आणि ‘प्रोग्रेसनाऊ कोलोराडो एज्युकेशन’ ही ५०१ सी-३ खालची. नावं जवळजवळ सारखी, ओळखक्रमांक म्हणजे ईआयएन मात्र वेगळे. सी-३ला दिलेली देणगी करातून वजा होते, पण तिला उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात एक शब्दही काढता येत नाही. सी-४ला दिलेल्या देणगीवर करसवलत नाही, पण तिला कायद्यांसाठी हवी तितकी लॉबिंग करता येते आणि निवडणुकीतही उतरता येतं. फक्त निवडणूक हे तिचं मुख्य काम असता कामा नये. ‘मुख्य’ म्हणजे किती टक्के, हे कायद्यात लिहिलेलं नाही. वकील मंडळी पन्नास टक्क्यांच्या आत राहा म्हणतात, सावध असलेले त्याहून बरंच खाली थांबतात.

दोन्ही संस्था स्वतंत्र टॅबमध्ये उघडा आणि त्यांची जमा एकमेकांत मिळवू नका. बहीणसंस्था एकमेकींना अनुदान देतात, जागाभाडं आणि पगार वाटून घेतात. तोच डॉलर दोन्ही रिटर्नमध्ये जमा म्हणून दिसतो. फॉर्म ९९० ला अक्षरांच्या नावाने पुरवण्या जोडलेल्या असतात, त्यांना शेड्यूल म्हणतात. त्यातलं शेड्यूल आर पाहिलं की संबंधित संस्था कोणत्या आणि त्यांच्यात देवाणघेवाण काय झाली ते कळतं. पगारांचंही तसंच. एक्सप्लोरर पदाधिकाऱ्यांपुढे तीन रकाने दाखवतो: या संस्थेने दिलेला पगार, संबंधित संस्थांनी दिलेला पगार, आणि इतर. कार्यकारी संचालकाचं नाव दोन्ही पानांवर असेल तर एका पानावरचा पहिला रकाना दुसऱ्या पानावर दुसऱ्या रकान्यात आलेला असतो. सगळ्याची बेरीज करून ‘केवढा हा पगार’ म्हणून बोंब मारणारे बरेच भेटतात.

कोणतं काम कोणत्या बहिणीच्या नावावर पडतं याचं गाजलेलं उदाहरण २०१३ चं आहे. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यासाठी बिअरच्या पिंपावर उलटे लटकलेले तरुण दाखवणारी ‘गॉट इन्शुरन्स’ जाहिरातमालिका देशभर चर्चेत आली. ती सी-३ शाखेने ‘कोलोराडो कन्झ्युमर हेल्थ इनिशिएटिव्ह’ या संस्थेबरोबर काढली होती. सूर कितीही चावट असला तरी हे लोकशिक्षण ठरतं, कारण त्यात ना उमेदवार होता ना ‘अमुक विधेयकाला मत द्या’ असं आवाहन. अशा कामाला खाजगी फाउंडेशनचा पैसा सहज मिळतो.

मग सी-४ला कोण देतं? एक्सप्लोररच्या पानावर उत्पन्नाचे टक्के दिसतील, त्यात ‘कॉन्ट्रिब्युशन्स’ शंभराच्या आसपास. यातून काहीच कळत नाही. हजार माणसांनी पंचवीस-पंचवीस डॉलर दिले की एकाच संस्थेने पाच लाख दिले, दोन्ही याच ओळीत. पुढची पायरी शेड्यूल बी. वर्षात ५००० डॉलर किंवा त्याहून जास्त देणारे देणगीदार तिथे असतात, पण जनतेसाठीच्या प्रतीत नाव-पत्त्याच्या जागी ‘रिस्ट्रिक्टेड’ एवढाच शब्द येतो. मे २०२० च्या नियमबदलानंतर तर सी-४ संस्थांना ही नावं करखात्यालाही कळवावी लागत नाहीत, फक्त आपल्या दप्तरी ठेवावी लागतात. रकमा मात्र बऱ्याचदा दिसतात आणि त्यांना कमी लेखू नका. एकूण जमेपैकी साठ टक्के तीन ओळींतून आली असेल, तर संस्था कुणाच्या जिवावर चालते याचा निम्मा उलगडा नावांशिवायच होतो.

उरलेला निम्मा उलटीकडून. घेणारा नाव सांगत नाही, पण देणारा संस्था असेल तर त्याला सांगावंच लागतं. ५००० डॉलरच्या वरची अनुदानं ज्यांना दिली त्यांची नावं, ईआयएन आणि रकमा देणाऱ्याच्या शेड्यूल आयमध्ये असतात. म्हणून फुल टेक्स्ट सर्च उघडा, संस्थेचं नाव अवतरणचिन्हांत टाका, वर्ष निवडा. ‘प्रोग्रेसनाऊ’ एका शब्दात, मग ‘प्रोग्रेस नाऊ’ दोन शब्दांत, असे दोन्ही शोध घ्या, कारण देणाऱ्या संस्थांचे हिशेबनीस नाव हवं तसं लिहितात. प्रत्येक निकालात शेड्यूल आयवरचा ईआयएन ताडून पाहा, नाहीतर सी-३चा पैसा सी-४च्या खात्यात मोजला जाईल. खाजगी फाउंडेशनचा ९९०-पीएफ फॉर्म याहून त्रासदायक: अनुदानांची यादी असते, पण घेणाऱ्याचा ईआयएन नसतो. तिथे पत्ता आणि ‘पर्पज’ची ओळ यांवर भिस्त.

हा शोध ज्या रिटर्नची मशीनला वाचता येणारी एक्सएमएल प्रत आहे त्यांच्यातच चालतो. ई-फायलिंग सगळ्यांना सक्तीचं झालं ते २०१९ च्या कायद्याने, त्यामुळे अलीकडची वर्षं भरगच्च आणि जुनी विरळ आहेत. २००४ ते २०१० या रंजक काळासाठी स्कॅन केलेल्या पीडीएफ डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

उलटा शोध कुठे अडतो तेही सांगायला हवं. देणाऱ्यांत ‘सिक्स्टीन थर्टी फंड’सारखी मोठी मधली संस्था सापडली की पुढे भिंत. वॉशिंग्टनच्या या सी-४ फंडाने २०२० मध्ये सुमारे ३९ कोटी डॉलर जमवले आणि ४१ कोटी खर्च केले. कामकाज अनेक वर्षं अराबेला अॅडव्हायझर्स ही कंपनी सांभाळत असे. त्याच्या शेड्यूल आयमध्ये राज्याराज्यांतल्या संस्था ओळीने सापडतात, त्याला देणारे मात्र पुन्हा ‘रिस्ट्रिक्टेड’. शिवाय अशा फंडाच्या पोटात कितीतरी मोहिमा नुसत्या टोपणनावाने चालतात. त्यांना स्वतःचा ईआयएन नसतो, म्हणून एक्सप्लोररमध्ये त्यांचं पान सापडत नाही आणि माणूस समजतो की संस्था बोगस आहे. डोनर-अॅडव्हाइज्ड फंडांचं, म्हणजे देणगीदार पैसा ठेवून तो कुणाला द्यायचा ते नुसतं सुचवतो अशा फंडांचं, तेच: देणारा म्हणून फिडेलिटी चॅरिटेबलचं नाव दिसतं, मागची व्यक्ती नाही. पलीकडच्या बाजूला ‘डोनर्सट्रस्ट’ हेच काम उजव्या संस्थांसाठी करतो. तिथे शोधलंत तरी भिंत तशीच उभी.

कामगार संघटनांचा पैसा हा तर एक्सप्लोररचा मोठा आंधळा कोपरा. पुरोगामी संस्थांच्या मोठ्या आधारांपैकी हा एक, आणि तो जास्त तपशिलात दुसरीकडेच दिसतो: श्रमखात्याच्या ओएलएमएस संकेतस्थळावर. वार्षिक जमा अडीच लाख डॉलर किंवा जास्त असलेल्या संघटनेला एलएम-२ फॉर्म भरावा लागतो. त्यात ५००० डॉलरपासूनची रक्कम घेणाऱ्याच्या नावासह येते. राजकीय काम व लॉबिंग शेड्यूल १६ मध्ये, देणग्या व अनुदानं शेड्यूल १७ मध्ये. वर्ष संपल्यावर ९० दिवसांत तो द्यावा लागतो, म्हणजे ९९० च्या कितीतरी आधी. एक्सप्लोररने निदान तिकडे बोट दाखवायला हवं होतं.

खर्चाच्या बाजूला फॉर्म ९९० चा भाग ९ उघडा. ओळ ११-डी बाहेरच्या लॉबिस्टची फी, ११-ई पैसे जमवणाऱ्या व्यावसायिकांची फी, ओळ १२ जाहिरात. ११-जी म्हणजे ‘इतर’, आणि नको ते तिथेच सरकवलं जातं. पण ही रक्कम एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांवर गेली की शेड्यूल ओमध्ये फोड द्यावी लागते. ती वाचल्याशिवाय पान बंद करू नका. निधिसंकलनाच्या रकान्यात शून्य दिसलं तर भुवया उंचवाव्यात. कारण ईमेल आणि फोन करून पैसे मागणाऱ्या संस्थेचा त्यावरचा खर्च शून्य कसा असेल?

शेड्यूल सीमध्ये राजकीय खर्चाचा आकडा छोटा दिसला म्हणून समाधान मानू नका. तिथे फक्त उमेदवारांशी संबंधित खर्च येतो. जनमताला टाकलेल्या प्रस्तावांवरचा खर्च करकायद्याच्या दृष्टीने लॉबिंग आहे, आणि कोलोराडोत असे प्रस्ताव दर निवडणुकीला ढिगाने असतात. त्यासाठी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ‘ट्रेसर’ संकेतस्थळ उघडावं लागतं. दिसायला जुनाट, पण तिथे प्रस्तावांच्या बाजूच्या नि विरोधातल्या समित्यांचे देणगीदार नावानिशी मिळतात.

काळाचं अंतर हा सगळ्यात सामान्य घोळ. कॅलेंडर वर्ष धरणाऱ्या संस्थेचं २०२४ चं रिटर्न १५ मे २०२५ पर्यंत द्यायचं, पण मुदतवाढीचा फॉर्म ८८६८ भरला की मुदत आपोआप नोव्हेंबरच्या मध्यावर जाते. त्यावर करखात्याने फाइल खुली करण्याचा वेळ. म्हणजे निवडणुकीचा पैसा निवडणुकीनंतर वर्ष उलटल्यावर दिसतो. आलेखातले चढउतारही जपून वाचा. निवडणुकीची सम वर्षं फुगलेली आणि विषम वर्षं ओसरलेली असणारच. तीन वर्षांच्या अनुदानाचा बिनशर्त शब्द मिळाला तर हिशेबाच्या नियमांप्रमाणे सगळी रक्कम पहिल्याच वर्षी जमा धरतात. पुढची दोन वर्षं तूट दिसते आणि ‘संस्था बुडाली’ अशा पोस्ट फिरू लागतात. एका वर्षाऐवजी चार वर्षांची सरासरी काढा.

पर्यायांचं बोलायचं तर करखात्याचं स्वतःचं टीईओएस हे शोधसाधन अधिकृत आहे, करमाफीचं पत्र आणि रद्द झालेल्या संस्थांची यादी तिथेच पाहावी, पण मजकुरात शोध नाही. कँडिड या संस्थेचं शोधसाधन (पूर्वीचं गाइडस्टार) नीटस आहे, मात्र नोंदणी मागतं आणि खोलात जायला पैसे. ‘इन्फ्लुएन्सवॉच’वर पुरोगामी संस्थांची तयार टिपणं मिळतात. ते उजव्या विचारांचं कॅपिटल रिसर्च सेंटर चालवतं, हे ध्यानात ठेवून रकमा मूळ फॉर्मशी जुळवाव्यात. एक्सप्लोरर याबाबतीत सरळ वाटतो: फॉर्म समोर ठेवतो, टिप्पणी करत नाही. प्रोपब्लिका स्वतः सी-३ आहे. तिचंही रिटर्न त्याच खिडकीत उघडतं, हे आवडलं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना या संस्थांची देणगीची ईमेलं येतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सी-४ला दिलेला पैसा करात वजा होत नाही; बहुतेक संस्थांना हे आवाहनातच छापावं लागतं, तरी ती ओळ बारीक अक्षरांत तळाला असते. दुसरी जास्त महत्त्वाची: एच-१बीवर असाल तर संघराज्य, राज्य किंवा स्थानिक, कोणत्याही निवडणुकीसाठी देणगी देणं संघराज्याच्या कायद्याने बंद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. संस्थेच्याच पानावर तिच्या राजकीय समितीचं बटण शेजारी असू शकतं, तेव्हा पैसा नेमका कुणाच्या खात्यात जातो ते नाव बटण दाबण्याआधी वाचा.

एक्सप्लोररवर ताजं रिटर्न नसेल तर वाट पाहत बसायची गरज नाही. अलीकडच्या तीन वर्षांची रिटर्न मागेल त्याला दाखवणं संस्थेवर बंधनकारक आहे: कार्यालयात जाऊन मागितलं तर त्याच दिवशी, लेखी मागितलं तर तीस दिवसांत. छपाई आणि टपालाचा वाजवी खर्च त्या घेऊ शकतात, कारण विचारू शकत नाहीत. पत्रात ईआयएन, हवं ते वर्ष आणि ‘सर्व शेड्यूलसह’ हे तीन तपशील लिहा. शेवटचा विसरलात तर नुसता मुख्य फॉर्म हातात पडायचा.