ब्रॉयलरच्या फिनिशर खाद्यात तांदळाचे डीडीजीएस : घ्यावे, पण रंग पाहून

इथेनॉलसाठी मका मोठ्या प्रमाणावर उचलला जाऊ लागल्यापासून घरच्या मिक्सरवर खाद्य तयार करणाऱ्या ब्रॉयलर व्यावसायिकाचे गणित बिघडले आहे, आणि धान्यापासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्यांतूनच निघणारे तांदळाचे डीडीजीएस (किण्वनानंतर उरलेला, वाळवलेला चोथा) सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडत असल्यामुळे त्याचा विचार करणे भागच आहे. आम्ही एका कारखान्याचा माल सोयापेंड थोडी कमी करून फिनिशर, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातील, खाद्यात वापरला. माझे मत अनुकूल आहे, मात्र अटी घालून.

पोत्यावर ४५ टक्के प्रथिने छापलेली होती आणि प्रयोगशाळेचा आकडाही जवळपास तोच आला. तरीही निव्वळ त्या आकड्यावर भाव ठरवणे धोक्याचे आहे, कारण ही चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि युरियाची भेसळ असलेला मालही तिच्यात उत्तम ठरतो. युरियाची तपासणी वेगळी सांगूनच करून घ्यावी लागते. शिवाय या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल सोयापेंडीच्या साधारण निम्मेच असते, आणि ड्रायरमध्ये माल करपला तर आहे तेही पक्ष्याच्या अंगी लागत नाही. आमचा सुरुवातीचा माल फिकट सोनेरी होता, मुठीत दाबला तरी मोकळा राहायचा आणि त्याला आंबवणाचा स्वच्छ वास होता. पुढच्या एका खेपेची पोती उघडली तेव्हा आत कॉफीच्या रंगाचा, जळकट वासाचा माल निघाला. अहवालातील प्रथिने दोन्ही वेळी सारखीच होती, पण या मालावरच्या पक्ष्यांची वजने मागे पडली आणि एफसीआर (एक किलो वजनासाठी लागणारे खाद्य) बिघडला. तक्रारीवर पुरवठादाराने पुन्हा प्रथिनांचाच अहवाल पुढे केला, हे मला मुळीच पटले नाही.

धान्यातील स्टार्च निघून गेल्यावर उरलेले घटक सुमारे तिपटीने दाट होतात, आणि त्यात बुरशीचे विषही आले. त्यामुळे प्रत्येक खेपेचा अफ्लाटॉक्सिनचा अहवाल मागावा. चिकणमातीचा टॉक्सिन बाइंडर अफ्लाटॉक्सिन चांगले धरतो, परंतु इतर बुरशीविषांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

सोबत घेतलेल्या फायटेजचा (अडकलेला फॉस्फरस मोकळा करणाऱ्या एन्झाइमचा) खरा फायदा तेल काढलेल्या कोंड्यासाठी झाला. कोंड्यातील बहुतेक फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, तर डीडीजीएसमध्ये तो किण्वनाच्या वेळीच बऱ्याच अंशी सुटलेला असतो. म्हणून डीडीजीएसच्या नावावर फायटेजची मात्रा वाढवणे हा वायफळ खर्च आहे. आम्ही भरड खाद्य देत असल्याने पेलेटच्या उष्णतेत एन्झाइम निकामी होण्याचा प्रश्न आला नाही.

प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या अगदी पहिल्या खाद्यात, हा माल मी घालणार नाही. फिनिशरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत, वरून लायसिन देऊन आणि फॉर्म्युला पचनीय अमिनो आम्लांवर बसवून, तो निश्चित परवडतो. खरेदी मात्र पोती उतरवण्याआधी नमुना हातात घेऊनच करावी.