उमाजी नाईक वर्गात शिकवायचे: छापील कॉमिक की मुलांनी काढलेलं?

आठवीच्या वर्गात उमाजी नाईक, म्हणजे इंग्रजांविरुद्ध रामोश्यांचं बंड उभारणारे, मी दोन्ही तऱ्हांनी शिकवले आहेत. एका वर्षी छापील कॉमिक वाटलं, पुढच्या वर्षी मुलांच्याच हातात पेन्सिली दिल्या.

छापील कॉमिक सोयीचं, यात वाद नाही. भिवडीतल्या जन्मापासून ३ फेब्रुवारी १८३२ च्या पुण्यातल्या फाशीपर्यंत एका तासात पोचता येतं. धड्याला कंटाळणारी मुलंही पानं उलटत राहतात. आणि घोडे असे, की आपल्याला जन्मात जमणार नाहीत.

पण ते संवादांचे फुगे! चाचणीत बंडाची कारणं विचारली होती. गडाची राखण गेली, ती राखण करणाऱ्या रामोश्यांची वतनं गेली, एवढं आलं तरी पुरे होतं. अर्ध्याअधिक उत्तरपत्रिकांत मात्र एकच वाक्य, तेही अवतरणचिन्हांत. कॉमिकवाल्याने रचलेलं! मी गुण कापले तर एक जण म्हणाला, "सर, पुस्तकात ते स्वतः बोलतायत की." काय बोलणार? दरोडेखोर की आद्य क्रांतिकारक, हा सगळा वाद त्या फुग्याने परस्पर निकालात काढला होता. त्यात त्यांची सविस्तर हकीकत लिहून ठेवली ती कॅप्टन मॅकिंटॉशने, म्हणजे त्यांच्या मागावर असलेल्याच इंग्रज अधिकाऱ्याने. हे मुलांना कळणार कुठून?

दुसऱ्या वर्षी मॅकिंटॉशच्या हकिकतीतले मराठी केलेले उतारे आणि उमाजींच्या १८३१ च्या जाहीरनाम्याचा मजकूर वाटला. नियम एकच: कागदात असेल ते शाईने, मनचं असेल ते पेन्सिलीने. चार तास गेले. पैकी एक निव्वळ घोड्यांच्या पायांत. चित्रं म्हणाल तर काड्यांची माणसं. पण मधल्या काळात सरकारने माफी देऊन याच माणसाला नोकरीत घेतलं होतं, ती चौकट काढताना मुलं अडली, भांडली. एका मुलीच्या पानावर मॅकिंटॉशचा फुगा शाईने भरलेला आणि समोर उमाजींचा फिकट पेन्सिलीत. तिने स्वतःच विचारलं, "यांचं इथलं बोलणं कुणी लिहूनच घेतलं नाही का?"

सगळ्यांना चार तास परवडतील असं नाही, हे मान्य. दोनच तास हाताशी असतील तर छापील घ्या, फक्त फुग्यांवर पांढरा कागद चिकटवून झेरॉक्स काढा.