आधी वजन, मग औषध : आजारी सशाला घेऊन साताऱ्यातील या दवाखान्यात जाण्यापूर्वी

साताऱ्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यांची आता फारशी वानवा नाही. ससा घेऊन गेल्यावर मात्र ‘आम्ही सशाचे पाहत नाही’ असे उत्तर मिळणार नाही आणि वरवर पाहून टॉनिकची बाटलीही हाती पडणार नाही, असे ठिकाण शोधावे लागते. आमचा भुऱ्या हा साडेचार वर्षांचा ससा हळूहळू वाळत चालला होता. ताटलीपाशी धावत यायचा, गवताची काडी तोंडात धरायचा आणि अर्धवट चावून टाकून द्यायचा. दुसऱ्या एका ठिकाणी त्याच्या तोंडात न पाहताच भूक वाढवणारे औषध लिहून दिले गेले होते. त्या पार्श्वभूमीवर या दवाखान्यात जे अनुभवले, ते ससा पाळणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

वेळ घेण्यासाठी फोन केला तेव्हाच त्यांनी दोन गोष्टी सोबत आणायला सांगितल्या : आदल्या रात्रीपासूनच्या लेंड्या एका डबीत आणि ससा रोज जे खातो त्याचा नमुना. आत गेल्यावर डॉक्टरांनी पहिले वाक्य उच्चारले ते ‘आधी वजन करू, मग बोलू’ असे. टेबलावरील इलेक्ट्रॉनिक काट्यावर टॉवेल घातलेले प्लास्टिकचे टब ठेवून काटा शून्यावर आणला आणि भुऱ्याला त्यात बसवले. 1 किलो 600 ग्रॅम भरले. पावसाळ्यात तो 1 किलो 900 ग्रॅम होता, हे ऐकताच त्यांनी दोन्ही आकडे कार्डावर लिहून त्यांच्याभोवती गोल केला. सशाच्या अंगावर केस दाट असल्यामुळे तो रोडावल्याचे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाठीच्या कण्यावरून बोट फिरवून मणके किती टोचतात ते पाहायचे असते. माझेच बोट धरून त्यांनी ते मला दाखवले. घरचा काटा घेऊन दर आठवड्याला, त्याच वेळी, वजन लिहून ठेवायला सांगितले आणि वजनात दहावा हिस्सा घट दिसली तर वाट पाहत बसू नका, असे बजावले.

लेंड्या वर्तमानपत्रावर ओतून त्यांनी एक बोटाने फोडली. निरोगी सशाची लेंडी मोठी, फिकट आणि आतून गवताच्या तुसांनी भरलेली असते. भुऱ्याच्या लेंड्या मिरीएवढ्या, काळपट आणि केसांनी एकमेकींत अडकलेल्या होत्या. पोटात गवत कमी जात असल्याचे यावरून लक्षात येते, असे ते म्हणाले. जंतांसाठी आणि कॉक्सिडिया या आतड्यातील सूक्ष्म परजीवींसाठी थोड्या लेंड्या तपासायला ठेवून घेतल्या. त्या तपासणीत काही निघाले नाही.

या दवाखान्याची खरी कसोटी, माझ्या मते, तोंडाच्या तपासणीत लागते आणि तेथे तो पुरेपूर उतरतो. सशाला 28 दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे 2 मिलिमीटर वाढतात. पुढचे दात ओठ वर केले की दिसतात, म्हणून बहुतेक जण तेवढेच पाहून ‘दात ठीक आहेत’ असे सांगतात. दुखणे पुष्कळदा मागच्या दाढांत असते. डॉक्टरांनी भुऱ्याला टॉवेलमध्ये मानेपर्यंत गुंडाळले, मदतनिसाने त्याचे मागचे पाय खालून आधार देऊन धरले आणि मग कान तपासण्याच्या बॅटरीचे नळकांडे ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून त्यांनी दोन्ही बाजूंच्या दाढा एकेक करून पाहिल्या. खालच्या डाव्या दाढेला आतल्या बाजूस टोक आले होते आणि ते जिभेत रुतून जखम झाली होती. खालच्या दाढांची टोके जिभेकडे वाढतात, वरच्यांची गालाकडे. जबड्याच्या खालच्या हाडावरून अंगठा फिरवून कोठे गाठ लागते का, डोळ्यांतून पाणी येते का, हेही पाहिले, कारण दाढेचे मूळ खाली किंवा वर वाढले की खुणा तेथे दिसतात.

आणलेल्या खाद्याच्या नमुन्यावर मात्र डॉक्टर बराच वेळ बोलले. ससा विकताना दुकानदार मक्याचे दाणे आणि रंगीत तुकडे मिसळलेले खाद्य हमखास देतात. ते खाताना दाढा आडव्या घासल्या जात नाहीत आणि म्हणून झिजत नाहीत. वाळलेले गवत हाच सशाचा मुख्य आहार आहे आणि गाजर अधूनमधून, तेही चकतीभर, इतके सांगून त्यांनी गवताच्या प्रकारांकडे मोर्चा वळवला. परदेशी टिमथी गवत परवडत नसेल तर बुरशी न लागलेले, धूळ झटकलेले स्थानिक वाळके गवत किंवा ओटचा वाळवलेला चारा चालतो. जोडीला स्वच्छ जागेवरची हराळी. जनावरांसाठी सर्वत्र मिळणारा लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, पण त्यात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे प्रौढ सशाला तो रोजचा आहार म्हणून नको. बाहेरून आलेल्या पिशवीतील गवतापेक्षा आपल्या डोंगरउतारावरचे गवत सशाने अधिक आवडीने खावे, हे मला तरी सुखावणारे वाटले.

दाढेचे टोक भूल देऊन घासावे लागले. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवते. कुत्र्याला भूल द्यायची असेल तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, पण सशाला उलटी होतच नाही आणि त्याचे आतडे रिकामे राहून चालत नाही. म्हणून त्याला शेवटपर्यंत गवत द्या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शुद्धीवर येईपर्यंत गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून शेजारी ठेवली होती आणि तापमान पुनःपुन्हा मोजले जात होते. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिले. पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकते, तसेच कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिल सशावर कधीही वापरायचे नाही, या दोन सूचना त्यांनी कार्डावर लाल शाईने लिहून दिल्या. पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी हे कार्ड दाखवा, असेही सांगितले.

घरी भरवण्याचे प्रात्यक्षिक त्यांनी मदतनिसावर न सोपवता स्वतः दाखवले. गवताच्या भुकटीपासून बनवलेले आजारी सशांचे तयार खाद्य कोमट पाण्यात कालवून सिरिंजने द्यायचे; सिरिंज समोरून न घालता पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूने घालायची, थोडे देऊन तो गिळेपर्यंत थांबायचे आणि त्याला कधीही उताणे धरायचे नाही. ते खाद्य दवाखान्यात शिल्लक नव्हते आणि ऑनलाइन मागवले तर यायला वेळ लागतो. ते येईपर्यंत गवतापासून बनवलेल्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, गाळून देण्याचा पर्याय सांगितला व तो उपयोगी पडला. बारा तास सशाने काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा, असा त्यांचा नियम आहे. एकदा रात्री उशिरा केलेला फोन त्यांनी उचलला, हे सांगायलाच हवे.

उणिवाही आहेत. बसण्याची खोली एकच असल्यामुळे सशाच्या पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर कुत्री भुंकत असतात आणि आधीच घाबरलेला प्राणी आणखी आक्रसतो. मोठी चादर नेऊन पिंजरा झाकून ठेवणे हा तात्पुरता उपाय. क्ष-किरणाची सोय नाही. पुन्हा टोक आले किंवा जबड्याला सूज दिसली तर दाढांची मुळे पाहावी लागतील आणि त्यासाठी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय त्यांनी सुचवला आहे. शिरवळ आपल्याच जिल्ह्यात असले तरी उन्हाळ्यात महामार्गाने सशाला नेणे जिकिरीचे, कारण त्याला उष्मा सोसत नाही. बिलात भूल, औषधे आणि शुल्क वेगवेगळे दाखवलेले नव्हते. विचारल्यावर तोंडी सांगितले गेले. एकूण रक्कम मला वाजवी वाटली, तरी तपशील कागदावर हवा.

भुऱ्या आता 1 किलो 780 ग्रॅमवर आला आहे आणि लेंड्यांचा आकार सुधारला आहे. दाढा पुन्हा वाढणार हे गृहीत धरून दर तीन महिन्यांनी तपासणीला यायला सांगितले आहे. संध्याकाळी कुत्र्यांच्या लसीकरणाची गर्दी असते, त्यामुळे ससा घेऊन जायचे असल्यास सकाळी दवाखाना उघडतानाची पहिली वेळ मागून घ्यावी; फोनवर ‘ससा आहे’ असे सांगितले की ते ती देतात.