हा आकडा कोणी मोजला? पुम्बाच्या एमबीएविषयी एका जुन्या विद्यार्थ्याचे मत

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या व्यवस्थापनशास्त्र विभागात, म्हणजे सगळे पुणे ज्याला पुम्बा या नावाने ओळखते तेथे, मी १९९४ ते १९९६ अशी दोन वर्षे शिकलो आणि यंदा माझ्या भाचीने तेथेच प्रवेश घेतला. तिच्या प्रवेशाच्या धावपळीत मला संगमनेरपासून सिंहगड रस्त्यापर्यंतच्या अनेक नातेवाइकांनी आणि पालकांनी एकच प्रश्न विचारला, तो असा की आजच्या काळात विद्यापीठाच्या विभागातला एमबीए घ्यावा, की जास्त पैसे मोजून एखाद्या चकचकीत खासगी संस्थेत जावे. माझे उत्तर विभागाच्या बाजूचे आहे. मात्र हा अभ्यासक्रम काय देतो हे माहितीपत्रकातून पुरते कळत नाही. त्यासाठी विभाग कोणत्या जागी, कोणत्या काळात उभा राहिला तेथून सुरुवात करावी लागते.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने विद्यापीठाला गणेशखिंडीतील चारशे एकरांहून मोठे आवार मिळाले. त्या आवारातील मुख्य इमारत मुळात गव्हर्नरचा बंगला. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये तिचे काम सुरू झाले, ते १८७१ पर्यंत चालले आणि त्यावर इतका अवाच्या सवा खर्च झाला की ब्रिटिश संसदेतही त्यावर टीका झाली. ती इमारत पूर्ण झाल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच आवारात व्यवस्थापन शिकवणारा विभाग सुरू झाला. खर्चाचा अंदाज कोठे आणि का चुकतो हे शिकण्यासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण मुलांना शोधूनही सापडणार नाही.

१९७१ हे वर्ष समजून घ्यायचे तर विद्यापीठाच्या फाटकाबाहेर काय चालले होते ते पाहायला हवे. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून होती, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, मुंढव्याची भारत फोर्ज १९६१ मध्ये स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात टेल्को (आजची टाटा मोटर्स) व बजाज यांच्यामुळे पिंपरी ते आकुर्डी हा पट्टा पाहता पाहता कारखान्यांनी भरून गेला. मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान शेड उभ्या राहतात. तेथील मालक बहुधा उत्तम कारागीर असतो, परंतु माल किती, उधारी किती, बँकेचे व्याज किती हे त्याच्या डोक्यात असते, कागदावर नसते. वाणिज्य शिक्षणाची पुण्यात वानवा नव्हती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ पासून चालू होते. अर्थशास्त्राची परंपरा त्याहून जुनी होती, कारण गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची, आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. हिशेब लिहिणारे आणि अर्थव्यवस्थेचा अभ्यास करणारे अशा दोघांच्या मध्ये जी जागा रिकामी होती, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये उभे राहून निर्णय घेणाऱ्या माणसाची, ती भरण्याची गरज या शहराला तेव्हा होती. पुम्बाचे मोल मी याच गरजेवरून ठरवतो.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण परीक्षण लिहिणाऱ्याने आपल्याला काय मिळाले ते उघड सांगावे असे मला वाटते. पहिल्या वर्षानंतरचा समर प्रोजेक्ट मी भोसरीतील एका लहान कारखान्यात केला. तेथे कास्टिंगवर, म्हणजे धातूच्या ओतीव भागांवर, मशिनिंग करून ती वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना दिली जात. माझा विषय होता मालसाठ्याचे नियंत्रण. मी स्टोअरच्या रजिस्टरवरून एका प्रकारच्या कास्टिंगचा साठा १,१४० नग असा उतरवून घेतला, त्यावर सूत्रे चालवली, आलेख काढले आणि कच्चा अहवाल घेऊन सरांकडे गेलो. सरांनी आलेखांकडे पाहिलेच नाही. त्यांनी १,१४० या आकड्याभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल काढला आणि विचारले, "हा आकडा कोणी मोजला?" मी म्हणालो, रजिस्टरमध्ये आहे. ते म्हणाले, "ते मला दिसते आहे. मोजला कोणी?"

भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. त्या गुरुवारी मी आणि तेथले स्टोअर कीपर काका असे दोघांनी खडू घेऊन सकाळपासून नग मोजले. प्रत्येक पंचवीस नगांच्या थप्पीवर एक रेघ. चांगले नग ८६२ निघाले. शेडच्या मागे, गोणपाटाखाली, तांबड्या रंगाचा ठिपका दिलेले, ग्राहकाने नाकारून परत पाठवलेले २३१ नग पडले होते, त्यांची वजावट रजिस्टरमध्ये कोणी केलीच नव्हती. उरलेले ४७ नग माल पाठवल्याचे चलान न बनवता शेजारच्या शेडमध्ये ड्रिलिंगच्या जॉबवर्कला गेलेले होते. याच रजिस्टरवरून दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट जात होते आणि त्याच्या आधारे कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचे कर्ज, उचलले जात होते. म्हणजे भंगारात जाण्याच्या लायकीच्या मालावर मालक व्याज भरत होते. मी हे सांगितले तेव्हा मालक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतः शेडच्या मागे जाऊन गोणपाट उचलून पाहून आले. पुढच्या महिन्याचे स्टेटमेंट त्यांनी माझ्याकडून करून घेतले. सत्तावीस वर्षे नोकरी करून मी आज जेथे आहे, तेथे मला आणणारे शिक्षण त्या एका गुरुवारी झाले असे मी मनापासून म्हणतो.

असे शिक्षण होण्यासाठी तीन गोष्टी जवळजवळ असाव्या लागतात: कारखाना बसच्या अंतरावर हवा, शिक्षकाला आलेखापेक्षा थप्पी महत्त्वाची वाटायला हवी, आणि वर्गात वेगवेगळ्या घरांतून आलेली मुले हवीत. तिसऱ्या गोष्टीचे श्रेय सार्वजनिक विद्यापीठाला जाते. एके काळी या विद्यापीठाचा पसारा पश्चिम महाराष्ट्रभर होता. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाल्यावर तो पुणे, नाशिक आणि आताचे अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांपुरता राहिला. माझ्या वर्गात निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा होता, जुन्नरच्या प्राथमिक शिक्षिकेची मुलगी होती आणि सदाशिव पेठेतील पुस्तकविक्रेत्याचा मुलगाही होता. पतपुरवठ्यावर चर्चा निघाली की निफाडचा मित्र गावच्या सहकारी सोसायटीच्या पीककर्जाचे सांगे, आणि ते ऐकल्यावर पुस्तकातला धडा वेगळाच वाटू लागे.

विद्यापीठाच्या पोटात व्यवस्थापन विभाग असावा, ही कल्पना काही पुण्याची नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाने बर्कली येथे १८९८ मध्येच वाणिज्य महाविद्यालय काढले, आणि तेथील सार्वजनिक विद्यापीठांतले ते पहिले मानले जाते. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था सुरू केली. त्याउलट १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे निघालेल्या आयआयएम विद्यापीठांच्या बाहेर, स्वतंत्र संस्था म्हणून उभ्या राहिल्या. दोन्ही वाटांचे आपापले फायदे आहेत. विभाग विद्यापीठात असण्याचा लाभ मला असा झाला की संख्याशास्त्रातली अडचण संख्याशास्त्र विभागातल्या मित्राकडून सुटत असे आणि संध्याकाळी जयकर ग्रंथालयात बसून अर्थशास्त्राची जुनी नियतकालिके चाळता येत. व्यवस्थापनाचे विद्यार्थी फक्त एकमेकांतच वावरले तर सगळ्यांची भाषा एकसारखी होते, हे मी पुढे नोकरीत अनेकदा पाहिले.

आता प्रवेशाविषयी. आमच्या वेळी गटचर्चा आणि मुलाखतीला मोठे वजन असे. आता राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते: २०० प्रश्न, १५० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये आणि वेळेचा सराव भरपूर करावा. त्यानंतर कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या होतात. पुम्बासाठी चुरस मोठी असते, तेव्हा पसंतिक्रम भरताना मागील वर्षांचे कटऑफ समोर ठेवावेत.

भाचीच्या बाबतीत आमची एक चूक झाली, ती इतरांची होऊ नये म्हणून लिहितो. कॅपची यादी लागण्याआधी घाबरून आम्ही शहरातील एका खासगी संस्थेत व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांतून, जागा धरली, पन्नास हजार रुपये भरले आणि तिची मूळ प्रमाणपत्रेही तेथे दिली. पुम्बाचे नाव लागल्यावर ती प्रमाणपत्रे परत मिळवायला पाच आठवडे आणि सात फेऱ्या लागल्या. शेवटच्या तारखेपूर्वी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्कापोटी एक हजार रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाही आणि मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा एआयसीटीईचा, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा, नियम आहे. तो नियम छापून, तारीख घालून, लेखी अर्जासोबत जोडला तेव्हाच पैसे मिळाले. तोंडी विनंतीत आमचा पहिला महिना वाया गेला. आणखी एक गोष्ट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राज्य सरकारची शुल्क सवलत मिळू शकते, आणि २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना ती पूर्ण शिक्षण शुल्काची आहे. परंतु व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू होत नाही. शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरात हा फरक फार मोठा असतो.

उणिवांचेही सांगितले पाहिजे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत अध्यापकांची मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, हा प्रश्न सर्वांना माहीत आहे आणि व्यवस्थापनासारख्या विषयात तो अधिक टोचतो, कारण तांबडी पेन्सिल घेऊन एकेका विद्यार्थ्यासमोर बसायला माणूसच लागतो. बाहेरून येणारे अनुभवी व्याख्याते चांगले असतात, तरी पूर्ण वेळ विभागात असणाऱ्या शिक्षकाची जागा ते भरू शकत नाहीत. सरकारने ही पदे भरावीत, असे मला कळकळीने वाटते. दुसरी अडचण जाण्यायेण्याची. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडल्यापासून नव्या पुलाच्या आणि हिंजवडी मेट्रोच्या कामांनी त्या परिसराचे हाल झाले, त्यामुळे हडपसर किंवा कात्रजहून रोज ये-जा करण्याचा बेत असेल तर आधी एखाद्या सोमवारी सकाळी तो प्रवास करून पाहावा.

प्लेसमेंटच्या आकड्यांबाबत माझा सल्ला पुम्बासह कोणत्याही संस्थेसाठी एकच आहे. सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा बाजूला ठेवावा, कारण तो एका मुलाचा असतो. सरासरीही फसवी असते, कारण दोन-चार मोठ्या पगारांनी ती वर जाते. सगळे पगार चढत्या क्रमाने मांडून मधला पगार किती येतो, नोंदणी केलेल्या मुलांपैकी किती जणांना नोकरी मिळाली आणि किती जणांनी ती स्वतः शोधली, हे विचारावे. उत्तर देणाऱ्याला हे आकडे कोणी मोजले तेही विचारावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

आणि निर्णय घेण्यापूर्वी एकदा विभागात जाऊन यावे. शनिवार-रविवारी जाऊ नये, तास चालू असतील अशा दिवशी जावे. वडाच्या सावलीत दुसऱ्या वर्षाची मुले भेटतातच, ती मोकळेपणाने बोलतात. भाचीने त्यांना विचारले होते की समर प्रोजेक्ट कोणत्या कारखान्यात केला, तेथे प्रत्यक्ष किती दिवस उभे राहिलात आणि अहवालातला एखादा आकडा शिक्षकांनी परत मोजायला लावला का. एका मुलीने चाकणच्या गोदामातील अकरा दिवसांची हकिकत इतक्या तपशिलाने सांगितली की आमची परतीची बस चुकली, आणि भाचीने पसंतिक्रमात पहिले नाव त्याच रात्री भरले.