११ महिने वापरून झाल्यावर: मॉलमधला गोल्फ सेट आणि गल्लीतले काका

उंची पाच फूट चार इंच, वय ४७, राहणार नेरुळ. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढचा सगळा घोळ त्या उंचीवरून झालाय, आणि दुकानात एकानेही मला उंची विचारली नाही.

गोल्फ कसा सुरू झाला ते थोडक्यात. ऑफिस महापेला, तिथले दोन-तीन जण रविवारी सकाळी खारघरला सिडकोच्या व्हॅली गोल्फ कोर्सवर जायचे, एकदा मलाही नेलं, भाड्याच्या क्लबने पन्नास बॉल मारले, त्यातले चार हवेत गेले आणि त्या चारांनी माझं वाटोळं केलं. सहा-सात महिने भाड्याच्या काठ्यांवर काढले (घरी त्यांना काठ्याच म्हणतात, पुढे मीही कधीमधी म्हणेन) आणि मग दिवाळीचा बोनस आला तेव्हा ठरवलं की आता स्वतःचा सेट घ्यायचा.

तर पहिली खरेदी मॉलमधल्या मोठ्या स्पोर्ट्स स्टोअरमधून. नाव टाकत नाही, सगळीकडे शाखा असतात तसलं एक. बॉक्स सेट होता, बॅगेसकट ११ क्लब, २८ हजार आणि वर काहीतरी. आता खरं सांगायचं तर दुकानात शिरल्यावर बरं वाटतं राव, एसी, प्रत्येक वस्तूवर किंमत लावलेली, कोणी तुमच्या चपलेकडे बघून भाव सांगत नाही. सेल्सवाला मुलगा एकदम गोड, पण तो महिन्यापूर्वीपर्यंत सायकलच्या सेक्शनला होता हे त्यानेच सांगितलं. मला म्हणाला, "सर ड्रायव्हर ४६० सीसी आहे." मी पण बुलेटचं इंजिन ऐकल्यासारखं भारावलो. नंतर कळलं की ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या, डोक्याच्या आकाराला नियमातच ४६० ची कमाल मर्यादा आहे आणि बाजारातले बहुतेक ड्रायव्हर तेवढेच असतात. म्हणजे स्कूटर विकताना "सर हिला दोन चाकं आहेत" असं सांगण्यातला प्रकार.

ट्रायलला कोपऱ्यात जाळी आणि खाली मॅट. बॉल मारला की तीन मीटरवर जाळीत अडकतो, डावीकडे गेला असता की उजवीकडे देव जाणे. आणि मॅटवर अजून एक गंमत असते, क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागला तरी मॅटवरून घसरून पुढे जातो आणि शॉट ठीक लागल्यासारखा वाटतो, तोच शॉट खऱ्या मातीत मारला तर फावड्याने खणल्यासारखं ढेकूळ निघतं. मला त्या जाळीत वाटलं आपण जन्मजात खेळाडू आहोत. कार्ड काढलं, पैसे दिले.

पहिले तीन महिने मस्त गेले हे कबूल करतो. नवीन वस्तूचा आनंद असतोच. पण माझे आयर्न (लोखंडी डोक्याचे, नंबरवाले क्लब) सतत डावीकडे जायला लागले. सात नंबर थोडा डावीकडे, नऊ नंबर आणि वेज (सगळ्यात तिरप्या तोंडाचा, जवळच्या शॉटचा क्लब) तर अजून डावीकडे. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, प्रत्येक जण डॉक्टर असतो, एक म्हणाला ग्रिप बदल, दुसरा म्हणाला खांदा लवकर उघडतोस, कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा पोरगा, म्हणाला "सर डोकं वर नका घेऊ" (ते काहीही झालं तरी हेच म्हणतात). सहा लेसन घेतले, पैसे देऊन. थोडा फरक पडायचा आणि परत तेच. मी तर शेवटी मुद्दाम उजवीकडे तोंड करून उभा राहायला लागलो, पत्ता वाशीचा टाकायचा आणि पार्सल नेरुळला पोचेल अशी आशा करायची.

मग सीवूड्सच्या एका मित्राने काकांकडे नेलं. खारघरमध्येच एका सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा आहे, बाहेर पाटी सुद्धा नीट नाही, शेजारी पिठाची गिरणी. काका आधी चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर कॅडी होते, १९२७ पासूनचं जुनं कोर्स ते, तिथे बॅगा उचलता उचलता क्लब दुरुस्त करायला शिकले. प्रो शॉप म्हणावं असं काही नाही हे, एक मोठा लोखंडी व्हाइस, ग्रिपांचे (मुठीवरच्या रबरी आवरणांचे) गठ्ठे, भिंतीला टेकवलेले जुने शाफ्ट (क्लबच्या दांड्या), आणि थिनरचा वास. गिरणीची पीठधूळ सगळीकडे.

काकांनी माझी बॅग उघडली पण नाही. आधी म्हणाले, "उभे राहा साहेब सरळ, हात सोडा." मनगटापासून जमिनीपर्यंत टेपने मोजलं. मग म्हणाले चला रेंजवर. तिथे बॉलवर व्हाईटबोर्डच्या मार्करने उभी जाड रेघ मारली आणि रेघ क्लबच्या तोंडाकडे येईल असा ठेवला. मार म्हणाले. मी मारला, त्यांनी माझ्या हातून सात नंबर घेतला, उलटा करून दाखवला. क्लबच्या तोंडावर रेघेचा ठसा उमटला होता आणि तो सरळ उभा यायच्या ऐवजी तिरका आलेला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तिरका. मग क्लबच्या तळाला मास्किंग टेप लावून एका प्लास्टिकच्या फळीवरून मारायला लावलं, टेपवर घासल्याची खूण सगळी हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला.

भानगड अशी होती. माझी उंची कमी, हात खाली येतात, आणि क्लबचा शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो, ज्याला लाय म्हणतात, तो सेटमध्ये सरासरी माणसासाठी ठरवलेला. मी उभा राहिलो की क्लबचं पुढचं टोक, टो, हवेत राहायचं. टो वर राहिला की लॉफ्ट (तोंडाचा मागे झुकलेला तिरपेपणा) असलेलं तोंड आपोआप डावीकडे बघतं. जितका लॉफ्ट जास्त तितकं जास्त डावीकडे, म्हणूनच नऊ नंबर सातपेक्षा जास्त पळत होता! सहा लेसनचे पैसे मी माझा खांदा सुधारायला घातले होते आणि चूक क्लबची होती. म्हणजे काही चूक माझीही होतीच, माझा स्विंग बघितलात तर कळेल, पण तरी.

इथे मला खरं तर राग आला. दुकानावर नाही, त्या मुलाला बिचाऱ्याला काय माहीत, तो त्याच दिवशी तीन ट्रेडमिल विकून आला होता. स्वतःवर आला. शर्ट घेताना आपण खांद्याचं माप बघतो, बाही लांब असली तर टेलरकडे टाकतो, आणि २८ हजारांची वस्तू हाताला लावून बघितली ती फक्त चमकते का एवढंच.

काकांना म्हटलं वाकवून द्या. ते म्हणाले हे कास्ट आहेत, ओतलेले, फोर्ज्ड असते तर तीन डिग्रीसुद्धा वाकवले असते, हे एक-दीड डिग्रीच्या वर नेले तर मान तुटू शकते, आणि तुटली तर माझी जबाबदारी नाही. हे आधी सांगितलं हे मला आवडलं. शेवटी दीड डिग्री फ्लॅट केले, म्हणजे शाफ्ट जमिनीकडे तेवढा झुकवला, आणि शाफ्ट अर्धा इंच कापले, कापल्याने अजून थोडी मदत झाली. कापल्यावर डोकं हातात हलकं लागतं म्हणून मागे शिशाची पट्टी चिकटवली. त्याच वेळी ग्रिप बदलल्या, माझे हात लहान म्हणून अंडरसाइज घातल्या. जुनी ग्रिप हूकवाल्या ब्लेडने सोलून काढतात, डबल साइड टेप, त्यावर थिनर, आणि सर्रकन नवीन आत, बघायला फार मजा येते. सगळं मिळून सहा हजारांच्या आसपास गेले. दोन रविवार अंदाज यायला लागले, तिसऱ्या रविवारी सात नंबर सरळ गेला आणि मी मागे वळून बघितलं की दुसऱ्या कोणी मारला का.

अजून एक गोष्ट काकांनी दाखवली जी बॉक्सवर कुठेही लिहिलेली नव्हती. माझ्या सेटमध्ये पिचिंग वेज ४४ डिग्रीचा, आणि त्यानंतर थेट सँड वेज ५६. मधे १२ डिग्रीचा खड्डा. आजकाल आयर्न लांब जावेत म्हणून लॉफ्ट कमी ठेवतात, जुन्या सेटमध्ये सात नंबर ३४-३५ असायचा, माझा ३० आहे. दुकानात "सर बघा किती लांब जातो" म्हणून कौतुक होतं ते यामुळे, नंबर सातचा आणि लॉफ्ट जुन्या सहाचा, प्रसंगी त्याहूनही कमी. पण त्यामुळे ८०-९० यार्डवरून मारायला हातात काही उरत नाही, पिचिंग हळू मारा नाहीतर सँड वेज जिवाच्या आकांताने मारा. नियमाप्रमाणे १४ क्लब चालतात आणि माझे ११ च होते, जागा होतीच. एक वापरलेला ५० डिग्रीचा वेज साडेतीन हजारांत घेतला. बॅगेतला सगळ्यात लाडका क्लब तोच आहे आता.

एवढं वाचून वाटेल की काका म्हणजे देवमाणूस आणि मॉल म्हणजे लुटारू. तसं अजिबात नाही. काकांकडे बिल नाही. मागितलं तर म्हणतात जीएसटीवालं हवं तर भाव वेगळा. "परवा देतो" म्हणजे त्यांच्या भाषेत पुढच्या अमावस्येच्या आत. त्यांच्याकडून एक हायब्रिड (लांबच्या आयर्नऐवजी वापरतात तो क्लब) घेतला होता तो "एकदम ओरिजिनल साहेब" म्हणून, घरी आणून नीट बघितला तर तळावरचा रंग नखाने निघतोय, आणि सिरीयल नंबर जिथे असायला हवा तिथे काहीच नाही. परत नेला. वाद घातला नाही, पैसे दिले, पण चेहरा असा केला की जणू मीच त्यांना फसवलंय. मॉलमध्ये हे झालं नसतं.

उलट मॉलवाल्यांचं सांगतो. पाचव्या महिन्यात आठ नंबरचं डोकं सैल झालं, हलवलं की खुळखुळ्यासारखा आवाज. दुकानात नेला (हे काकांनी कापाकापी करायच्या आधीचं, नंतर नेला असता तर वॉरंटी गेलीच होती). हुज्जत काहीच नाही, फोटो काढले, फॉर्म भरला. पण बॉक्स सेटमधला एक क्लब सुटा मिळत नाही, म्हणून कंपनीकडे पाठवला आणि परत यायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे मी सात आणि नऊवर संसार केला. हेच काम काका ४०० रुपयांत करतात, डोकं गरम करून काढायचं, आतला जुना गोंद खरवडायचा, इपॉक्सी भरायचा, रात्रभर सुकू द्यायचा. दुसऱ्या दिवशी खेळा. बरं, दुसऱ्या दिवशी म्हणजे काकांचा दुसरा दिवस हां.

मधे एकदा मुंबईतल्या एका पॉश प्रो शॉपलाही जाऊन आलो, तिथे लाँच मॉनिटर, म्हणजे स्विंग आणि बॉलचे आकडे मोजणारं यंत्र, होता. सात नंबरने माझा स्विंग स्पीड ताशी ६८ मैल निघाला. मुलगा तयारीचा होता, प्रत्येक आकडा समजावून सांगितला, तुमच्यासाठी स्टील जड आहे, हलका ग्रॅफाइट शाफ्ट बघा म्हणाला, आणि पटलंही. मग किंमत सांगितली, नुसत्या आयर्नचे ९५ हजार. फिटिंगची फी भरली, आकड्यांचा फोटो काढला, थँक्यू म्हणून बाहेर आलो आणि तो फोटो काकांना दाखवला. हे बरोबर केलं की चूक ते अजून ठरवू शकलो नाही. फी भरली होती, पण तरी त्या मुलाने पाऊण तास घालवला होता.

आता परत सगळं घ्यायचं झालं तर? बॅग, ग्लोव्ह, टी, सरावाचे बॉल, छत्री हे आजही मॉलमधूनच घेतो, स्वस्त आणि परत करता येतं. ग्लोव्ह तर आपल्याकडच्या घामाने दीड-दोन महिन्यांत पापड होतो, त्यावर कशाला जास्त घालवायचे. पहिला सेट पण कदाचित तिथूनच घेईन, पण घ्यायच्या आधी ५०० रुपये देऊन कोणा जाणकाराला सोबत नेईन आणि भाड्याचाच सात नंबर घेऊन रेघेची टेस्ट करून घेईन, म्हणजे आपल्याला काय लागतं ते माहीत असेल. उंची पाच सात ते पाच दहा असेल तर बहुतेक काही करायची गरजही पडणार नाही, तसाच उचला आणि खेळा. माझ्यासारखे बुटके, खूप उंच, किंवा डावखुरे असाल (डावखुऱ्यांना तर मॉलमध्ये जेमतेम एक सेट दिसतो, तोही कोपऱ्यात) तर मात्र बघणारा माणूस हवाच.

वेज घेताना अजून एक, खारघरच्या डोंगराखाली पाऊस धो धो पडतो, माती मऊ होते, तेव्हा कमी बाऊन्सचा (तळाला फुगवटा कमी असलेला) वेज सरळ जमिनीत घुसतो. काकांनी मला हे जूनमध्ये सांगितलं, मी जुलैमध्ये ऐकलं.

सध्या पटरची (बॉल भोकात ढकलायच्या क्लबची) ग्रिप बदलायला त्यांच्याकडे टाकलीय. बुधवारी या म्हणाले होते. दोन बुधवार होऊन गेले, काल फोन केला तर मागून गिरणीचा आवाज येत होता आणि काका ओरडून सांगत होते, "झालंय साहेब, फक्त सुकायचंय."