रिअल ओव्हिएडो या स्पॅनिश फुटबॉल क्लबचा एक शेअर, किंमत १०.७५ युरो : बारा-तेरा वर्षं सांभाळल्यावरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगून टाकतो, डिव्हिडंड शून्य. बोनस नाही, बायबॅक नाही, डिमॅटमध्ये दिसत नाही आणि विकायला गेलात तर गिऱ्हाईक कुठे शोधणार देव जाणे. त्यामुळे मल्टीबॅगरच्या शोधात इथे पोचला असाल तर पुढे वाचू नका, तुमचा वेळ वाया जाईल. बाकीच्यांसाठी, हा मी आजवर घेतलेला सगळ्यात भारी शेअर आहे आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

२०१२चा नोव्हेंबर. मी तेव्हा ऑनसाइट जर्मनीत होतो, संध्याकाळी करायला काही नसायचं, फुटबॉल आणि ट्विटर एवढंच. तिथे सिड लोव नावाचा इंग्लिश पत्रकार, जो गार्डियनसाठी स्पॅनिश फुटबॉलवर लिहितो आणि शिकायला काही काळ ओव्हिएडोत राहिलेला, तो बोंब ठोकत होता की अरे कोणीतरी या क्लबला वाचवा. क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, डोक्यावर कर्ज, आणि १७ नोव्हेंबरपर्यंत साधारण १९ लाख युरोचं नवं भांडवल उभं केलं नाही तर गाशा गुंडाळायचा. म्हणून त्यांनी शेअर काढले, एक शेअर १०.७५ युरो. तेव्हाच्या भावाने आपले साडेसातशे रुपये. ऑफिसमधल्या एका पिझ्झा पार्टीची कॉन्ट्री.

आता कोणी म्हणेल फुटबॉल क्लबचे शेअर म्हणजे काय. तर स्पेनमध्ये १९९० साली कायदा आला की व्यावसायिक क्लबांनी रीतसर कंपनी व्हायचं. बार्सिलोना, रिअल माद्रिद, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चारच त्यातून सुटले, बाकीचे कंपन्या झाले, ओव्हिएडो १९९२ मध्ये. हेतू हा की हिशेब नीट राहतील. कसले राहतायत, पुढच्या वीस वर्षांत कितीतरी क्लब बुडीत निघाले.

असो. घेतला मी. सर्टिफिकेट सगळं स्पॅनिशमध्ये, त्यात माझं आडनाव बघून मलाच हसू आलं. आमच्या बाबांकडे सहकारी साखर कारखान्याचा शेअर आहे, त्यांना मी उत्साहाने हे दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "दिवाळीला साखर देतात का?" नाही देत. सभासदाला सवलतीत साखर तरी मिळते, इथे तेही नाही.

पण मग मिळतं काय? माझं मत असं की या साडेसातशे रुपयांत तुम्हाला एक आख्खा इतिहास मिळतो, आणि तो भाड्याने नाही, नावावर.

ओव्हिएडो हे स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियासमधलं शहर. क्लब १९२६चा, गावातले दोन क्लब एकत्र करून बनलेला. १९३०च्या दशकात यांची फॉरवर्ड लाइन अशी धावायची की लोक तिला 'इलेक्ट्रिक' म्हणायचे, आणि त्यातला इसिद्रो लांगारा १९३४, ३५, ३६ असा सलग तीन वर्षं लीगचा टॉप स्कोअरर. मग यादवी युद्ध पेटलं, शहराला वेढा पडला, मैदानाची इतकी वाट लागली की युद्ध संपल्यावर १९३९-४०चा सीझन क्लबला खेळताच आला नाही, फेडरेशनने त्यांची जागा वर्षभर राखून ठेवली. लांगारा तोवर बास्क खेळाडूंच्या टीमबरोबर दौऱ्यावर निघून गेलेला, तिकडे अर्जेंटिनात सॅन लोरेंझोसाठी पहिल्याच मॅचला रिव्हर प्लेटला चार गोल ठोकले, मग मेक्सिको, आणि तिथून १९४६ मध्ये परत ओव्हिएडोला. या माणसाबद्दल आपल्याकडे कोणालाच माहीत नसतं, मलाही शेअर घेईपर्यंत नव्हतं.

नंतरची पन्नास वर्षं भराभर सांगतो, कारण वर-खाली, वर-खाली एवढंच. १९९१ मध्ये एकदा युएफा कप खेळले, इटलीच्या जेनोआला घरी १-० हरवलं आणि तिकडे जाऊन ३-१ने हरले (अशा लढतीत दोन्ही मॅचच्या गोलांची बेरीज धरतात). संपला युरोप.

खरी गोष्ट २००१पासून सुरू होते. नवं कोरं स्टेडियम, कार्लोस तार्तिएरे, तीस हजारांचं, २००० मध्ये उघडलं आणि पहिल्याच सीझनला टीम पहिल्या डिव्हिजनमधून खाली! २००३ मध्ये दुसऱ्यातूनही खाली, वर खेळाडूंचे पगार थकलेले म्हणून शिक्षा म्हणून आणखी एक पायरी, म्हणजे थेट चौथ्या पातळीवर. खेळाडू निघून गेले. आणि यात कडी म्हणजे नगरपालिकेने ठरवलं की हा क्लब मेलाच आहे, आणि गावातल्या दुसऱ्याच एका छोट्या क्लबला शहराचं नाव लावून पाठबळ दिलं. पब्लिकने काय करावं? जुन्याच क्लबच्या मागे गेलं. चौथ्या दर्जाचं फुटबॉल, समोर खेड्यापाड्यातल्या टीम, आणि स्टँडमध्ये हजारोंनी माणसं. तो सरकारी लाडका क्लब काही वर्षांत मावळला. हा टिकला. मला विचाराल तर या क्लबची सगळ्यात मोठी ट्रॉफी हीच, कपाटात ठेवता येत नाही एवढंच.

त्या पडझडीत क्लबच्या अकॅडमीतली पोरंही पांगली. त्यातला एक सँटी काझोर्ला. जवळच्याच यानेराचा, मेन टीमसाठी एकही मॅच न खेळता २००३ मध्ये व्हियारिआल क्लबला गेला. पुढे इंग्लंडच्या आर्सेनलकडून खेळला, स्पेनबरोबर युरो कप जिंकला. २०१२ मध्ये शेअर विक्री निघाली तेव्हा त्याने, चेल्सीच्या हुआन माटाने, स्वान्सीच्या मिचूने, अ‍ॅटलेटिकोच्या एड्रियनने, म्हणजे इथेच वाढलेल्या चौघांनी पैसे घातले. रिअल माद्रिदने एक लाख युरोचे घेतले. जगभरातून तीस हजारांवर लोकांनी घेतले, आणि शेवटच्या दिवशी मेक्सिकोच्या अब्जाधीश कार्लोस स्लिमने वीस लाख युरो ओतले. लांगाराला पोसलेला मेक्सिको, लांगाराच्या क्लबच्या मदतीला. (हा योगायोगच, पण मला आवडतो, राहू द्या.)

आता प्रॉडक्टमधल्या खोड्या. तुमच्या मताला किंमत नाही, हे समजून घ्या. एक शेअर म्हणजे एक शेअर, ज्याच्याकडे गठ्ठा त्याचं चालतं. आधी स्लिमचा ग्रुप, २०२२ पासून पाचुका ग्रुप, तोही मेक्सिकोचाच. 'मी क्लबचा मालक' असं मित्रांना सांगायला मजा येते, पण एका मित्राने मला थंडपणे विचारलं की मग कोच कोण ठेवायचा ते तू ठरवतोस का. तिथे गप्प बसावं लागतं. दुसरं म्हणजे डिलिव्हरी अत्यंत स्लो. २०१५ मध्ये काडिझमध्ये १-० जिंकून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आलो ('आलो' लिहितोय बघा), आणि नंतर दहा वर्षं तिथेच. २०२४ला प्रमोशनच्या फायनलची पहिली मॅच जिंकली आणि एस्पान्योलकडे जाऊन २-० हरलो. मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस गेलो नाही.

पण २०२३ मध्ये काझोर्ला परत आला होता. हा तोच माणूस ज्याच्या घोट्याची जखम चिघळून टाचेची शीर खाल्ली गेली होती आणि हातावरची टॅटूवाली कातडी काढून पायाला लावली होती. फुकट खेळायला तयार होता, नियमात बसत नाही म्हणून किमान पगार घेतला, आणि स्वतःच्या नावाच्या जर्सी विकून येणाऱ्या पैशातले १० टक्के अकॅडमीला द्यायचे अशी अट घातली.

मग २१ जून २०२५. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, घरातले झोपलेले, मी मोबाइलचा आवाज एकवर ठेवून बसलेलो. पुन्हा प्रमोशनची फायनल, मिरांदेसविरुद्ध पहिली मॅच ०-१ हरलेली, इथे सुरुवातीलाच आणखी एक गोल खाल्ला. पेनल्टी मिळाली. चाळीस वर्षांचा काझोर्ला बॉल ठेवतोय. घेतली त्याने, आत. मग चायराचा गोल, मग एक्स्ट्रा टाइम, पोर्तियोचा तिसरा, ३-१, आणि २४ वर्षांनी ओव्हिएडो पहिल्या डिव्हिजनमध्ये. मी ओरडलो तो थेट बायको उठून आली, काय झालं म्हणून. म्हटलं कंपनी लिस्ट झाली. तिला वाटलं खरंच पैसे आले.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क बाबांच्या साखरेचा कापला.

आता 'मला पण पाहिजे' म्हणणाऱ्यांसाठी : २०१२ची ती विक्री केव्हाच बंद झाली. पण मालकीची मजा मतासकट हवी असेल तर स्पेनमधल्याच सलामांका शहराचा युनियोनिस्तास क्लब बघा. तिथला जुना क्लब यूडी सलामांका २०१३ मध्ये बुडाला, त्याला ना काझोर्ला भेटला ना स्लिम, म्हणून फॅन्सनी स्वतःच नवा काढला. शेअर-बिअर काही नाही, सभासद व्हा, एक माणूस एक मत. तळातून सुरुवात करून तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये कोपा डेल रे या स्पेनच्या कप स्पर्धेत व्हियारिआलला पेनल्टीवर घरी पाठवलं, तेही स्टेडियमचे लाइट गेले म्हणून मॅच दुसऱ्या दिवशी पुरी करून. फॉर्म स्पॅनिशमध्ये असतो, ट्रान्सलेट मारून भरता येतो.